योनाचा राग

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



मराठीच्या प्राध्यापकाला शताब्दीच्या व्याख्यानमालेत बोलावले की त्याने ज्ञानेश्वरीवर, गेला बाजार केशवसुतांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी योना नावाच्या एका हिब्रू संदेष्ट्यावर बोलणार हे कळल्यावर आपल्या कार्यवाहांनी दोनदा दूरध्वनी करून विषय नक्की हाच ना, याची खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्तच होती. मी ख्रिस्ती नाही, ज्यू नाही. हिब्रू मला येत नाही. त्या भाषेविषयी आज जे काही सांगेन ते भाषांतरांच्या आणि भाष्यग्रंथांच्या आधाराने. तरीही हा विषय मी निवडला, कारण या कथेची आणि माझी गाठ याच इमारतीत पडली.

बारा वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी येथे जुने दिवाळी अंक शोधायला आलो होतो. का आलो होतो, ते शेवटी सांगेन. ग्रंथपालांनी आतल्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. अंक हवे होते तेवढे मिळाले नाहीत. पण धर्मविषयक कपाटात ‘दासबोध’ आणि ‘नवनाथ भक्तिसार’ यांच्यामध्ये काळ्या बांधणीचे मराठी ‘पवित्र शास्त्र’ दिसले. ते सहज उघडले आणि जे पान निघाले ते उभ्या उभ्या वाचू लागलो. योनाचे पुस्तक केवढे, तर चार अध्यायांचे, अठ्ठेचाळीस वचनांचे. पावसाची एक सर येऊन जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते वाचून होते. मी मात्र त्यातून अजून बाहेर पडलेलो नाही.

कथा आपणांपैकी अनेकांना ओझरती ठाऊक असेल. अमित्तयाचा मुलगा योना याला परमेश्वराची आज्ञा होते की, निनवे या महानगरात जा आणि तेथील दुष्टाई माझ्यापर्यंत येऊन पोचली आहे असे पुकार. निनवे पूर्वेला, टायग्रिस नदीच्या काठी. आजच्या इराकमधील मोसुल शहरासमोर त्याचे अवशेष आहेत. योना उठतो तो थेट उलट्या दिशेला. याफोच्या बंदरावर जाऊन तो तार्शीशला निघालेले जहाज गाठतो, भाडे भरतो आणि आत जाऊन झोपतो. तार्शीश म्हणजे स्पेनचा दक्षिण किनारा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या माणसाला ठाऊक असलेल्या जगाचे ते पश्चिम टोक होते.

समुद्रात वादळ उठते. खलाशी घाबरून आपापल्या देवांचा धावा करतात, जहाजातील माल पाण्यात फेकतात. योना तळाशी गाढ झोपलेला आहे. चिठ्ठ्या टाकल्या जातात, चिठ्ठी त्याच्या नावावर निघते. आपल्यामुळेच हे वादळ आले असे तो कबूल करतो आणि मला समुद्रात टाका म्हणून सांगतो. या खलाशांवर माझा फार जीव आहे. ते परधर्मी, हा उपरा. ह्याच्यापायी त्यांचा माल बुडाला, जीव जायची वेळ आली. तरी ते त्याला चटकन फेकत नाहीत. वल्ही मारमारून जहाज किनाऱ्याला लावण्याची ते शिकस्त करतात. अगदीच निरुपाय झाल्यावर, या निरपराध माणसाच्या रक्ताचा दोष आमच्या माथी मारू नकोस अशी योनाच्या देवाची करुणा भाकून, ते त्याला पाण्यात सोडतात. समुद्र शांत होतो. एक मोठा मासा योनाला गिळतो. तीन दिवस आणि तीन रात्री पोटात ठेवून कोरड्या जमिनीवर ओकून टाकतो.

मासा आला की श्रोत्यांचे चेहरे बदलतात. माणूस माशाच्या पोटात तीन दिवस जगेल कसा? युरोपात या प्रश्नावर शेकडो पाने खर्ची पडली आहेत. तो देवमासा होता की आणखी कोणता, त्याच्या घशाची रुंदी किती, इथपर्यंत काथ्याकूट झाला. मूळ हिब्रूत फक्त मोठा मासा एवढेच आहे. मला वाटते, आपण मराठी माणसांनी या वादात न पडलेले बरे. मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मले असे आपण घरोघर पोथीत वाचत आलो. प्रद्युम्नाला माशाने गिळल्याची कथा भागवतात आहे. ती वाचताना आपल्या आजीने कधी माशाच्या घशाचे माप विचारले नाही. अशा कथेतले मासे कशासाठी असतात हे तिला उपजतच कळत असे. योनाच्या कथेतला मासा तीन वचनांत येतो आणि जातो. ज्याची तळमळ वाटावी ते पुढे आहे.

मला तळमळ वाटली ती एका निराळ्याच गोष्टीची. योना पळाला का? भित्रा होता म्हणून, असे आपण धरून चालतो. शत्रूच्या राजधानीत एकट्याने जाऊन शाप उच्चारायचा, तेव्हा भीती वाटणारच. पण वादळात निवांत झोपणारा आणि मला पाण्यात टाका असे शांतपणे सांगणारा हा माणूस भित्रा दिसत नाही. त्याच्या त्या सांगण्याला लोक आत्मत्याग म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. जहाज वळवा, मी निनवेला जातो, असे म्हणणे त्याच्या हातात होते. ते म्हणण्यापेक्षा त्याला मरण सोपे वाटले. मूळ भाषेत एकच क्रियापद त्याच्या पाठीला लागले आहे, असे भाष्यकार दाखवून देतात. तो याफोला उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळाशी उतरतो आणि शेवटी समुद्रात पर्वतांच्या मुळांपर्यंत उतरतो. भाषांतरात हे क्रियापद दर वेळी निराळे झाले की ही उतरंड हरवते.

माशाच्या पोटात तो जे स्तोत्र म्हणतो तेही पाहण्यासारखे आहे. त्यात देवाचे आभार आहेत, बुडण्याचे जिवंत वर्णन आहे. मी चुकलो हा शब्द मात्र कुठेच नाही. उलट, खोट्या दैवतांच्या नादी लागणारे लोक दयेला मुकतात असा शेरा आहे. आणि हे कोण म्हणतो? ज्याला वाचवण्यासाठी मूर्तिपूजक खलाशांनी नुकतेच हात सोलून घेतले तो!

पुढे योना निनवेला जातो. नगर ओलांडायला तीन दिवस लागावेत एवढे मोठे. हा एक दिवसाची वाट चालतो आणि चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल एवढेच पुकारतो. हिब्रूत हे भाषण पाच शब्दांचे आहे. पश्चात्ताप करा हे त्यात नाही, केलात तर वाचाल हे तर नाहीच. मनाविरुद्ध केलेल्या कामाचा हा नमुना आम्हा नोकरदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पण झाले भलतेच. साऱ्या नगराने उपास धरला. राजा सिंहासनावरून उठून राखेत बसला आणि त्याने हुकूम काढला की गुराढोरांनीही अन्नपाणी घेऊ नये, त्यांनाही गोणपाट पांघरावे. गोणपाट पांघरलेल्या गाई डोळ्यांसमोर आणा. हसू येते; मला वाटते, लेखकालाही ते यावे असे वाटत होते. मग परमेश्वराने ते संकट मागे घेतले.

आणि योना संतापला. इथे तो प्रथमच आपले पोट उघडे करतो. तो देवाला सांगतो की, तू कृपाळू आहेस, लवकर रागावत नाहीस, शिक्षा करायचे ठरवूनही ती मागे घेतोस, हे मला माझ्या देशात असतानाच ठाऊक होते. म्हणून तर मी पळालो. आता मला मारून टाक, जगण्यात मला गोडी नाही. देवाकडे दया मागणारे भक्त जगाच्या वाङ्मयात पोत्याने सापडतील. तू दयाळू आहेस म्हणून मी तुझ्यापासून पळालो, असे तोंडावर सांगणारा दुसरा कोणी मला आठवत नाही.

निनवे उलथून पडेल, यातल्या क्रियापदाची एक गंमत आहे. त्या हिब्रू धातूचा अर्थ नगर उद्ध्वस्त होणे असाही होतो आणि पालटणे, बदलणे असाही होतो. म्हणजे योनाचा शब्द खोटा पडलाच नाही. नगर पालटले. जुन्या ज्यू भाष्यकारांनी हे फार पूर्वी हेरले आहे. योनाचे दुःख असे की, त्याचे भाकीत त्याला नको असलेल्या अर्थाने खरे झाले.

एवढ्यावरून योनाला क्षुद्र ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण तो त्याच्यावर अन्याय होईल. निनवे म्हणजे कोण, हे आधी लक्षात घ्यावे लागते. निनवे ही अश्शुरांची नगरी. त्यांनी इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडवले आणि तेथील लोकांना उखडून दूरदूरच्या मुलखात नेऊन टाकले. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये त्यांच्या सन्हेरीब राजाने यहूदातील लाखीश हे नगर जिंकले आणि त्या विजयाची शिल्पे निनवेच्या राजवाड्यातील भिंतींवर कोरवून घेतली. ती शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेली माणसे आणि बैलगाड्यांत चंबूगबाळे घालून निघालेली बायकामुले त्यांत स्पष्ट दिसतात. बायबलमध्ये अन्यत्र योना नावाच्या ज्या संदेष्ट्याचा उल्लेख आहे तो या उत्तरेकडील राज्याचाच, ते बुडण्यापूर्वीच्या पिढ्यांतला. तेव्हा या कथेत देव ज्या नगरीला क्षमा करतो, तीच पुढे योनाच्या मायभूमीचे निसंतान करणार आहे. योनाच्या रागामागे एवढी राख आहे. तो राग मला कधीच हास्यास्पद वाटला नाही.

आणखी एक गोष्ट. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे पुस्तक फार नंतरचे, इसवी सनापूर्वी पाचव्या किंवा चौथ्या शतकातले. निनवे तर इसवी सनापूर्वी ६१२ मध्येच बाबिलोनी आणि मेदी सैन्यांनी जाळून बेचिराख केले होते. ज्यांनी ही कथा प्रथम ऐकली त्यांच्या दृष्टीने निनवेचा निकाल केव्हाच लागला होता. शत्रू मेला होता. अशा श्रोत्यांसमोर कथाकार ते नगर पुन्हा उभे करतो, त्यात पश्चात्ताप करणारी माणसे आणि उपाशी गुरे घालतो आणि विचारतो की, यांची तुम्हाला कीव येते का? मेलेल्या शत्रूची कीव करणे हेदेखील सोपे नसते, हे त्याला ठाऊक असावे.

वाचनालयाच्या व्यासपीठावर निनवेचे नाव घेतले आणि तेथील ग्रंथसंग्रहाविषयी काहीच बोललो नाही, तर ग्रंथपाल मला क्षमा करणार नाहीत. अश्शुरबानिपाल राजाने निनवेत मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या ग्रंथांचा प्रचंड संग्रह केला होता. १८५० च्या आगेमागे लेयार्ड आणि रस्सम यांच्या उत्खननांत तो हाती लागला. त्याचे सुमारे तीस हजार तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गिल्गमेशाचे महाकाव्य आपल्याला मिळाले ते मुख्यतः याच संग्रहामुळे. आणि मौज अशी की, नगराला लागलेल्या आगीत त्यांतल्या कित्येक पाट्या भाजून निघाल्या आणि पक्क्या विटेसारख्या टिकल्या. योना ज्या आगीची वाट पाहत बसला होता ती पुढे खरोखरच लागली. तिने माणसे नेली आणि ग्रंथ ठेवले. हा व्यवहार फायद्याचा झाला, असे म्हणायला ग्रंथप्रेमी असूनही माझी जीभ रेटत नाही. त्याच अवशेषांतल्या एका टेकाडावर नबी युनूस म्हणून, म्हणजे योनाच्याच नावाने, मशीद होती. मुसलमानही त्याला पैगंबर मानतात. ती मशीद २०१४ साली अतिरेक्यांनी सुरुंग लावून उडवून दिली.

ही कथा मराठीला परकी आहे असेही नाही. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे ज्यू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली. ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या महान उपवासाला ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस. जगभरच्या सिनेगॉगांत त्या दिवशी दुपारी योनाचे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतात. स्वतःच्या चुकांचा हिशेब मांडायच्या दिवशी, दुसऱ्यांना क्षमा झाल्याबद्दल संतापलेल्या माणसाची गोष्ट का वाचावी, हे कोडे मला बरेच दिवस होते. आता फारसे राहिलेले नाही.

भाषांतरांचे म्हणाल, तर पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर हे काम त्यांच्या हातून पुरे झाले होते. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी साध्यासुध्या बायकांना कळेल अशी मराठी जाणूनबुजून पसंत केली, याचे आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी म्हणावे तसे कौतुक केलेले नाही.

पण कथा संपायची आहे. योना नगराबाहेर पूर्वेला जातो, एक मांडव घालतो आणि आता नगराचे काय होते ते पाहत सावलीत बसतो. अजून त्याला आशा आहे! परमेश्वर त्याच्या डोक्यावर एक झाड वाढवतो. ते झाड कोणते यावरही वाद आहे. कोणी एरंड म्हणतात, कोणी भोपळ्याचा वेल. इसवी सन ४०० नंतर थोड्याच वर्षांत, हल्लीच्या लिबियातील त्रिपोली शहरात, जेरोमच्या नव्या लॅटिन भाषांतरात कानाला सवयीचा भोपळा जाऊन दुसराच वेल आलेला ऐकून मंडळींनी मोठा गोंधळ केला, असे संत ऑगस्टिनने जेरोमला लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. भाषांतरकारांना शिव्या खाव्या लागणे हे असे जुनेच आहे. असो.

वेल पाहून योनाला आनंद होतो. साऱ्या पुस्तकात तो आनंदित होतो तो एवढ्या एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी पहाटे एक किडा वेलाला लागतो, वेल वाळतो, उन्हाची तिरीप डोक्यावर बसते, पूर्वेचा भाजणारा वारा सुटतो आणि योना पुन्हा मरण मागू लागतो. तेव्हा परमेश्वर त्याला विचारतो की, ज्या वेलासाठी तू राबला नाहीस, जो तू वाढवला नाहीस, जो एका रात्रीत आला आणि एका रात्रीत गेला, त्याच्यासाठी तुझा जीव एवढा हळहळतो. मग ज्या नगरात उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्याच्यासाठी मी हळहळू नये काय? पुस्तक या प्रश्नावर संपते. योनाचे उत्तर त्यात नाही.

आता दिवाळी अंकांचे सांगतो. हे सांगायला मी माझ्या धाकट्या भावाची परवानगी घेतली आहे. तो आज सभागृहात आहे. कुठे बसला आहे ते सांगणार नाही.

वडील गेल्यावर हा भाऊ दारूच्या नादी लागला. देणी झाली. आईच्या पाटल्या गेल्या. मी घरातला शिकलेला, पगारदार. माझ्या शब्दाला वजन होते. एके दिवशी साऱ्या नातेवाइकांच्या देखत मी म्हणालो की, हा वर्षाच्या आत राहते घर विकायला काढील, लिहून ठेवा. पण ते वर्ष संपायच्या आत त्याने दारू सोडली. माझ्या सांगण्याने नव्हे. कोणाच्या सांगण्याने ते त्यालाही धड सांगता येत नाही. एका औषधाच्या दुकानात तो कामाला लागला आणि देणी हळूहळू फेडू लागला. आईने पहिल्याच दिवशी त्याला असे वाढले, जणू काही झालेच नव्हते. मला ते खटकले. इतक्या स्वस्तात?

पुढची सहा वर्षे मी मांडव घालून बसलो होतो, हे आज म्हणतो. तेव्हा कळत नव्हते. सणासुदीला तो पाया पडायला वाकला की मी हुंगत असे. रात्री-अपरात्री दूरध्वनी वाजला की माझ्या मनात पहिल्यांदा जे यायचे ती काळजी नव्हती. एक प्रकारची तयारी होती. पाहा, मी म्हटले नव्हते, हे वाक्य ओठांपर्यंत येऊन बसलेले असायचे. ते उच्चारायची वेळ त्याने माझ्यावर कधीच आणली नाही.

अशात एका पावसाळ्यात माझ्या कपाटाला वाळवी लागली. तीस वर्षांचे दिवाळी अंक, वर्षवार बांधून ठेवलेले. फळी ओढली तर हातात माती आली. दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. वर्गावर गेलो, पण काय शिकवले ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली. मी पडवीत बसलो होतो. भाऊ सकाळीच येऊन वाचलेले चार-दोन गठ्ठे अंगणात उन्हाला पसरत होता. आई दाराशी आली. थोडा वेळ त्याच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “कागदांसाठी एवढं रडतोयस. या पोरासाठी कधी आलं होतं का रे डोळ्यांत पाणी?”

त्यानंतर आठ दिवसांनी, गेलेल्या अंकांपैकी काही निदान पुन्हा वाचायला मिळतील म्हणून मी या वाचनालयात आलो होतो. तेव्हा ते काळे पुस्तक हाती आले.

आईला मी तेव्हा काही बोललो नाही. तीही उत्तरासाठी थांबली नाही. ऊन पुन्हा जाईल, आटपा लवकर, एवढे म्हणून ती चहा टाकायला आत गेली. भाऊ एकेक पान सुटे करून त्यावर खडे ठेवत होता. मग मी उठलो आणि दुसऱ्या बाजूने खडे ठेवू लागलो.